लोक सर्व्हेत एक सांगतात आणि वर्णामुळे मत दुसऱ्यालाच देतात, असं खरंच होतं का?

होतं, अमेरिकेत त्याला नावच पडलंय, ब्रॅडली इफेक्ट. टॉम ब्रॅडली, लॉस एंजेलिसचे कृष्णवर्णीय महापौर, 1982 ला कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाला उभे होते, पोलमध्ये पुढे होते आणि साधारण एका टक्क्याने पडले. पोस्टल मतांचाही त्यात हात होता म्हणतात, मान्य. पण 1989 ची व्हर्जिनिया राज्यातली गव्हर्नरपदाची निवडणूक बघा, कृष्णवर्णीय उमेदवार डग्लस वाइल्डरना एक्झिट पोलमध्ये जवळपास 10 टक्क्यांची आघाडी आणि जिंकले 7,000 पेक्षाही कमी मतांनी! प्रश्न विचारणारा काळा असेल तर गोरे मतदार वाइल्डरचं नाव जास्त घ्यायचे, इतकी भीड. 2008 ला ओबामांचे पोल बऱ्यापैकी बरोबर आले, पण म्हणून भेद संपला असं मला अजिबात नाही वाटत, 'अनुभव कमी आहे' म्हणून मत न देणाऱ्याला कुठला पोल पकडणार?