भाषणाच्या ध्वनिमुद्रणाला फेड-इन आणि फेड-आउट किती सेकंदांचे द्यावे?

आपल्या भाषणाच्या ध्वनिमुद्रणात सुरुवातीला ‘टक्’ असा आवाज येतो, शेवट कापल्यासारखा वाटतो आणि त्यावर उपाय म्हणून ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही टोकांना तीन-तीन सेकंदांचे फेड (सुरुवातीला आवाज शून्यापासून हळूहळू चढवणारा फेड-इन आणि शेवटी तो हळूहळू शून्यावर नेणारा फेड-आउट) द्यावे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते देऊ नयेत, कारण या दोन तक्रारींचे मूळ निराळे आहे आणि दोन्हींना एकच उपाय लागू पडत नाही.

ध्वनिलहर शून्यरेषेपासून दूर असताना फाइल सुरू झाली, तर स्पीकरच्या पडद्याला एकदम त्या पातळीवर उडी घ्यावी लागते आणि ती उडीच ‘टक्’ म्हणून ऐकू येते. ती घालवायला १० मिलिसेकंदांचा फेड-इन सहसा पुरतो. सेकंदाला ४४,१०० नमुने (ध्वनिलहरीची क्षणोक्षणी घेतलेली मोजमापे) असलेल्या फाइलमध्ये हे अवघे ४४१ नमुने होतात. त्यासाठी तरंगचित्र भरपूर मोठे करून अगदी सुरुवातीचा तेवढाच तुकडा निवडावा आणि इफेक्ट मेनूतील ‘फेड इन’ लावावा. हाच फेड तीन सेकंदांचा केला आणि वक्ता पहिल्याच सेकंदात बोलू लागलेला असला, तर ‘नमस्कार’मधला ‘न’ गिळला जातो आणि ऐकणारा आवाज वाढवायला धावतो.

शेवटाचे काम अधिक नाजूक आहे. भाषण संपल्यावर खोलीचा, पंख्याचा किंवा टाळ्यांचा जो आवाज उरतो, त्यातला एखाद-दोन सेकंदांचा भाग राखून फेड-आउट त्याच्यावरच द्यावा. शेवटच्या शब्दाला हात लावू नये. तुमच्याकडे शब्द संपताच रेकॉर्डिंग थांबवलेले असेल, तर त्याच ध्वनिमुद्रणातील एखाद्या विरामातून खोलीचा आवाज उचलून शेवटी जोडावा लागेल. थोडे कटकटीचे आहे, पण तेवढ्याने शेवट पुष्कळच सावरतो.

पार्श्वसंगीत असेल तर मात्र पाच-दहा सेकंदांचा फेड शोभतो, आणि तिथे उताराचा आकार महत्त्वाचा ठरतो. साध्या सरळरेषी फेडमध्ये अर्ध्या वाटेवर पातळी फक्त ६ डेसिबलने उतरलेली असते आणि नव्वद टक्के वाट संपली तरी उतार २० डेसिबलचाच असतो, त्यामुळे बराच वेळ काही घडत नाही असे वाटते आणि मग संगीत घाईघाईने नाहीसे होते. ऑडॅसिटीतील ‘स्टुडिओ फेड आउट’ आवाजाबरोबर त्यातील तीक्ष्णपणाही हळूहळू कमी करतो. संगीतासाठी मी तोच वापरतो. दोन वेगळी गाणी एकमेकांत मिसळायची असतील, तर सम-शक्तीचा क्रॉसफेड निवडावा, म्हणजे एक गाणे विरत असतानाच दुसरे चढत जाते आणि दोन्हींची मिळून शक्ती सारखी राहते. त्यात मधोमध प्रत्येक गाणे सुमारे ३ डेसिबलने खाली असते, म्हणून सांध्यावर आवाज खचत नाही.

आणखी एक गोष्ट क्रमाची. कॉम्प्रेसर क्षीण आणि मोठ्या आवाजांतील अंतर कमी करत असल्याने तो फेडनंतर लावला, तर उताराचा आकार बिघडतो. म्हणून नॉइज रिडक्शन (पार्श्वभूमीची खरखर कमी करणे), कॉम्प्रेशन आणि पातळी जुळवणे हे सगळे उरकून फेड अगदी शेवटी द्यावा. संपादन वेव्ह (WAV, म्हणजे आवाज न आकसता साठवणाऱ्या) फाइलवर करावे, मूळ प्रत वेगळी जपून ठेवावी आणि एमपी३ फक्त एकदाच, सर्वांत शेवटी काढावी.