टाकीतल्या माशाचं अंग राखाडी-निळसर, पर (पोहायचे पंख) नारिंगी. दुकानदार त्याला 'क्लाऊन लोच' (लोच ही माशांची एक जात) म्हणतो, खरं आहे का?

नाही. क्लाऊनच्या पिवळट-नारिंगी अंगावर तीन जाड काळे पट्टे असतात. पहिला थेट डोळ्यावरून उतरतो, तिसरा पाठीवरच्या परात शिरतो. तुमच्या माशाला पट्टेच नाहीत, म्हणजे तो बहुधा यासुहिकोटाकिया मोडेस्टा (हे शास्त्रीय नाव) हा दुसरा लोच, आग्नेय आशियातल्या मेकाँग नदीच्या खोऱ्यातला. शेपटीच्या बुडाशी काळसर डाग आहे का, तेवढं बघा. पिल्लांच्या अंगावर पुसट उभ्या रेघा असतात, त्याने गोंधळू नका. अंगच गुलाबी किंवा जांभळं असेल तर मासा कृत्रिमरीत्या रंगवलेला आहे. असे मासे कृपया घेऊच नका, त्यांचे फार हाल होतात.

बारीक, दाट रेघांचा झेब्रा लोच वेगळा. तो आपल्या कृष्णा खोऱ्यातला, नदीत आता संकटात आहे.