'उतणार नाही' म्हणजे 'उतरणार नाही' का?

ठाण्याच्या एका ताईंनी विचारलं आहे: "श्रावणातल्या रविवारी आईसोबत आदित्यराणूबाईची कहाणी वाचते. 'उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही' यात 'उतणार' म्हणजे 'उतरणार' का? जांभळी नाक्यावरून आणलेल्या पोथीत अर्थ दिलेला नाही."

उतरण्याशी याचा काही संबंध नाही, ताई. उतणं म्हणजे दुधाचं उतू जाणं. नुसतं 'उतणे' आता बोलण्यातून गेलं, 'उतू जाणे' तेवढं उरलं. गॅसवरचं दूध आठवा. साय धरते, कडेने फुगत येते आणि जरा पाठ वळली की सगळं ओट्यावर. दूध वाढलेलं नसतं, होतं तेवढंच असतं. त्याला फक्त ऊब लागलेली असते. मातणं म्हणजे माजणं, 'मदोन्मत्त'मधल्या 'मत्त'वरून आलेलं.

हे वाक्य कहाणीत कुठे येतं तेही पाहा. रानात व्रत करणाऱ्या नागकन्या-देवकन्यांकडे गरीब ब्राह्मण वसा मागतो, तर त्या आधी नकारच देतात: 'तुला रे वसा कशाला हवा? उतशील, मातशील, घेतला वसा टाकून देशील.' म्हणजे आपण अक्षता हातात धरून म्हणतो ते त्या शंकेला दिलेलं उत्तर आहे. 'तू खोटं बोलतोयस' असं त्या म्हणत नाहीत. त्यांना भीती आहे ती बरे दिवस आल्यानंतरची. मला या जोडशब्दाचं मोल इथेच वाटतं. ज्याला पाळायचंच नाही, लोकांना दाखवायचं आहे, त्याच्यासाठी ढोंग, दंभ हे शब्द आहेत. मनापासून शब्द दिला आणि सुख लागल्यावर विसरला, त्याच्यासाठी उतणं-मातणं. गीतेच्या सोळाव्या अध्यायातही दंभ आणि दर्प (म्हणजे घमेंड) वेगळे सांगितले आहेत. उतणं-मातणं दर्पाच्या अंगाने जातं.

आणि कहाणीत नेमकं तेच घडतं. ब्राह्मणाची एक लेक राणी होते. बाप कहाणी ऐक म्हणतो, तर तिला वेळ नाही. राजा पारधीला निघालाय. पुढे तिच्या घरी दारिद्र्य येतं.

जाता जाता, वसा आणि वारसा यांची गल्लत करू नका. आपल्याकडे बॅनरवर 'वडिलांकडून मिळालेला सेवेचा वसा' असं सर्रास दिसतं. मिळतो तो वारसा. वसा ज्याचा त्याने स्वतःच्या तोंडाने मागून घ्यायचा असतो. बापाने घेतलेला वसा राणीला आयता लाभला नाही, तो यामुळेच.

आईंच्या जुन्या पोथीत 'उतत नाही, मातत नाही, टाकीत नाही' असं असेल, तर तेही बरोबर आहे, बदलू नका. मला तर तेच अधिक आवडतं. 'टाकणार नाही' हा उद्याचा शब्द झाला. 'टाकीत नाही' म्हणणाऱ्याला आजचा दिवसही पाळावा लागतो.