वाचकांचे प्रश्न : व्हेक्टर खेळांची चमक

प्रश्न : १९७९ चा ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’ हा आर्केड खेळ मी मेम (MAME) या इम्युलेटरवर, म्हणजे जुन्या खेळयंत्रांची संगणकावर नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, खेळतो. रेषा सपाट वाटतात, गोळ्याही फिक्या. सेटिंग चुकतंय का?

उत्तर : थोडं सेटिंग, बराचसा पडदा. मूळ मॉनिटर व्हेक्टर प्रकारचा, म्हणजे रेषांनी चित्र काढणारा; त्यावर पिक्सेल नव्हतेच. इलेक्ट्रॉनांचा झोत एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत थेट रेघ ओढायचा. गोळी काढताना तो एकाच जागी थबकायचा आणि तिथला फॉस्फर (पडद्यावरचा चमकणारा लेप) डोळे दिपतील इतका पेटायचा. खेळाचं गणित मेम अचूक चालवतं, पण ही चमक साध्या एलसीडीच्या आवाक्याबाहेर आहे. तिथे पूर्ण पांढऱ्याहून जास्त तेजस्वी काही उरतच नाही.

तरी बराच फरक पाडता येतो. खेळ चालू असताना टॅब दाबून ‘स्लायडर कंट्रोल्स’ उघडा. बीमची (रेघ ओढणाऱ्या झोताची) किमान रुंदी १ वरच ठेवा, कमाल २ ते ३ करा. मग मंद रेषा बारीक राहतात, तेजस्वी रेषा जाड होतात. दोन्ही आकडे सारखे असतील तर हा भेद पुसला जातो, आणि सपाटपणा बहुधा तिथूनच येतो. त्यानंतर डॉट साइझ (ठिपक्याचा आकार) थोडा वाढवा, गोळ्या लगेच उठून दिसतील. फ्लिकर (रेषांची लुकलुक) अगदी कमी ठेवा, जास्त झाला तर चित्र बिघडल्यासारखं वाटतं.

नवा पडदा घेणार असाल तर ४के ओएलईडी (बारीक पिक्सेलांचा, प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळणारा पडदा) घ्या. काळा खरोखर काळा दिसतो, तिरप्या रेषांच्या पायऱ्याही जवळजवळ नाहीशा होतात.