फोनवरून घरचा सर्व्हर गाठायचाय?
राउटरवर २२ नंबरचा पोर्ट (एसएसएचचा, म्हणजे दुरून सर्व्हरवर लॉगिन करायचा) उघडून ठेवला असशील तर आधी तो बंद कर. बॉट दिवसरात्र तिथे पासवर्ड लावून बघत असतात. सर्व्हरवर वायरगार्ड (फोन आणि घर यांच्यात सुरक्षित जोडणी करणारं व्हीपीएन) टाक, फोनच्या अ‍ॅपमधून त्याचा क्यूआर कोड स्कॅन कर आणि राउटरवरून फक्त यूडीपी ५१८२० हा पोर्ट सर्व्हरकडे फॉरवर्ड कर. उपकरणाची डिजिटल किल्ली जुळली नाही तर वायरगार्ड उत्तरच देत नाही, म्हणून मला तो आवडतो. राउटरचा वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल तर मात्र तू बहुतेक सीजीनॅटमागे आहेस, म्हणजे इंटरनेट कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलाय. तिथे फॉरवर्डिंगचा उपयोग नाही, सरळ टेलस्केल (पोर्ट न उघडता चालणारं व्हीपीएन) घे. चाचणी वायफाय बंद करून मोबाइल डेटावरच कर. आणि प्रत्येक उपकरणाला वेगळी किल्ली दे. फोन हरवला तर सर्व्हरवरून तेवढीच नोंद उडवायची, लॅपटॉप चालू राहतो.