पुसलेल्या जुन्या डिस्कची नोंद कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) भोवते का, हे कसं तपासायचं?

प्रश्न अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादर कारखान्याच्या सर्व्हरचा आहे: बीटीआरएफएस (लिनक्सची एक फाइलसिस्टम), दोन डिस्कचा रेड-१ (दोन्हींवर तोच डेटा), त्यातली एक पुसून दुसरीकडे लावायची. खऱ्या डिस्कवर प्रयोग नकोच.

ट्रंकेट आज्ञेने १ जीबीच्या दोन फाइली करा, लॉसेटअप आज्ञेने लूप डिव्हाइस म्हणून, म्हणजे फाइल डिस्कसारखी वापरता येईल अशा, जोडा. डेटा आणि मेटाडेटा दोन्ही रेड-१ ठेवून फॉरमॅट करा, माउंट करून (वापरासाठी जोडून) एखादी फाइल लिहा, अनमाउंट करा. आता दुसऱ्या लूपवर वाइपएफएस (फाइलसिस्टमच्या खुणा पुसणारी आज्ञा) चालवा, ऑल पर्यायासह. ६४ केआयबीवरच्या सुपरब्लॉकची (फाइलसिस्टमची मूळ माहिती असलेल्या भागाची) ओळखखूण गेली, तरी कर्नलच्या डिव्हाइस-यादीत त्या लूपचा मार्ग राहू शकतो. तीच ही शिळी नोंद.

पहिला लूप साधा माउंट करा. तो नाकारला गेला पाहिजे. मग डिग्रेडेड पर्याय (एक डिस्क नसली तरी चालवा) देऊन माउंट करा आणि त्या माउंटवर बीटीआरएफएसची 'फाइलसिस्टम शो' आज्ञा चालवा. डिव्हाइस गायब असल्याचं दिसलं तर ठीक. पुसलेल्या लूपचा मार्ग अजून सदस्य म्हणून दिसला, तर कर्नल फसलं. जुन्या कर्नलमध्ये हे होत असे.

फसगत इथे होते: माउंट नसताना 'शो' स्वतःच डिस्क वाचतो, कर्नलची यादी नव्हे. त्यामुळे तेव्हाच्या निकालावर विसंबू नका.

नोंद काढायला अनमाउंट करून बीटीआरएफएसच्या 'डिव्हाइस स्कॅन' आज्ञेला फरगेट पर्याय द्या. माउंट असलेलं डिव्हाइस तो सोडत नाही. मात्र बीटीआरएफएसची खूण शाबूत असलेली डिस्क यूडेव्ह (डिव्हाइसांवर लक्ष ठेवणारा लिनक्सचा भाग) पुन्हा नोंदवू शकतो, म्हणून आधी पुसा, मग विसरायला लावा.