नखाएवढी लाल अळंबी नेमकी कोणती?

प्रश्न : पावसानंतर शेवाळलेल्या गवतात नखाएवढ्या लालभडक अळंब्या दिसल्या. छत्री हाताला कोरडी लागली. वरून फोटो काढला, तर मोबाइल अ‍ॅपने एकदा स्कार्लेट वॅक्सकॅप सांगितलं, एकदा व्हर्मिलियन वॅक्सकॅप. कोणतं खरं धरायचं?

उत्तर : तुम्ही हात लावून पाहिलात, हे फार बरं केलंत. त्या ‘कोरडी’ शब्दामुळे माझा कल व्हर्मिलियनकडे, म्हणजे हायग्रोसायबे मिनिएटाकडे आहे. फोटो मात्र पुरेसा नाही. वॅक्सकॅप म्हणजे मेणचट पात्यांच्या अळंब्यांचा गट. या गटात रंगावर विसंबूच नका; वयाने आणि पावसाने लाल उतरून नारिंगी, पिवळा होतो.

मी आधी छत्री उलटी करते. खालच्या पात्या जाड, विरळ आणि चोळल्यावर मेणचट लागल्या तर वॅक्सकॅपची शक्यता बळावते. त्या दांड्यावर बऱ्याच खाली उतरलेल्या असतील, तर हायग्रोसायबे कॅन्थारेलसचाही विचार करावा लागतो. मग दहापट भिंगातून छत्रीचा मध्य बघायचा. मिनिएटावर तिथे बारीक खवले उठलेले असतात, मखमलीवर उलटा हात फिरवल्यासारखे. स्कार्लेट, म्हणजे कॉक्सिनिया, गुळगुळीत असते आणि ओली असताना तेलकट लागते. ती साधारण 2 ते 5 सेंटिमीटरपर्यंत वाढते, पण कोवळी असताना तीही नखाएवढीच, त्यामुळे नुसत्या मापाने फसगत होते. भर पावसात मिनिएटाचे खवलेही चपटे बसतात. जरा सुकू द्या आणि पुन्हा पाहा.

छत्री टोकदार असेल आणि दाबल्यावर काळी पडत असेल तर ती हायग्रोसायबे कोनिका, ही आणखी एक वॅक्सकॅप. एखादी अळंबी डबीत बंद करून थोड्या वेळाने हुंगा. लसणाचा वास आला तर हायग्रोसायबे हेलोबिया. ही मिनिएटासारखीच दिसणारी वेगळी जात, वासाखेरीज ओळखणं अवघड.

रात्रभर छत्री काचेवर पालथी ठेवून वर वाटी झाका. बीजाणूंचा ठसा पांढराच यायला हवा. तपकिरी आला तर ती वॅक्सकॅपच नव्हे. एवढं करूनही जातीची खात्री बऱ्याचदा सूक्ष्मदर्शकाखालीच होते. तोवर ‘हायग्रोसायबे, बहुधा मिनिएटा’ एवढीच नोंद करा. ती पूर्ण प्रामाणिक नोंद आहे. चाखून मात्र बघू नका.

पुढच्या वेळी एकच अळंबी बुडापासून अलगद काढा. छत्रीचा वरून, पात्यांचा खालून आणि उभ्या कापलेल्या अळंबीचा असे फोटो पाठवा. शेजारी मोजपट्टी ठेवा, वासही लिहा.